इनामगावचे लोक ‘जोर्वे संस्कृती’चे कसे?

प्रश्न असा आहे: जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव. मग पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीलाही ‘जोर्वे संस्कृती’ का म्हणायचं? आणि चार मडक्यांवरून ‘संस्कृती’ हा एवढा मोठा शब्द वापरावा का?

नावाचं उत्तर सोपं. एखाद्या प्रकारचे अवशेष जिथे पहिल्यांदा ओळखले जातात, त्या गावाचं नाव त्यांना चिकटतं. प्रवरेकाठच्या जोर्व्यात ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं. इनामगावचं सुरू झालं १९६८ मध्ये, तोवर नाव रुळलेलं होतं. यात जोर्वे राजधानी-बिजधानी होतं असं काही नाही. त्याच प्रवरेवरची, याच संस्कृतीची दायमाबादची वस्ती कितीतरी मोठी होती.

‘संस्कृती’चं मात्र जरा सावकाश पाहू. पुरातत्त्वात या शब्दाला गाणं-बजावणं, साहित्य असा अर्थ नाही. ठरावीक काळात, ठरावीक प्रदेशात वस्तू आणि चालीरीतींचा तोच संच पुन्हापुन्हा सापडला, की ती संस्कृती. त्या संचात खापर पहिलं, कारण ते कुजत नाही, गंजत नाही आणि फुटल्यावर कुणी उचलून नेत नाही. जोर्व्याचं भांडं चाकावर घडवलेलं, नारिंगी-लाल, बिनचकाकीचं. त्यावर काळ्या रंगात रेघा आणि जाळ्या. अंगाला लांब नळीसारखी तोटी. भाजणी अशी पक्की, की टिचकी मारली तर खण्‌कन वाजतं. फावल्या वेळात जमणारं हे काम नव्हे. गावात मुरलेला कुंभार हवा.

अशीच भांडी इनामगावातही सापडली. पण भांडी व्यापारातूनही फिरतात, म्हणून नुसत्या खापरांवर विसंबू नये. इनामगावात मेलेलं तान्हं मूल दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला पुरताना पावलं तोडत. खापरांच्या जोडीला अशा रीतीही जुळतात, म्हणून ‘संस्कृती’ हा शब्द मला इथे शोभतो. इ.स.पू. १००० नंतर भांडी ओबडधोबड होतात, चौकोनी घरांजागी गोल झोपड्या येतात, तरी परंपरा तीच. म्हणून त्या टप्प्याला ‘उत्तर जोर्वे’, म्हणजे नंतरचं जोर्वे, म्हणतात.

लिहिताना ‘जोर्वे वंश’ टाळा, भांड्यावरून वंश कळत नाही. ‘जोर्वे सभ्यता’ हे हिंदीतून आलेलं. मराठीत सभ्यता म्हणजे शिष्टाचार. ‘जोर्वेकालीन लोक’ लिहिलं की काम भागतं.