देव प्रेमळ आहे, तर निरपराध माणसांना यातना का? श्रद्धाळू माणूस याचा मेळ कसा घालतो?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात: पूर्वजन्मीचे कर्म आणि देवाने घेतलेली परीक्षा. मला दोन्हींचा तिटकारा आहे, आणि त्याचे मूळ आमच्या घरातल्या एका तेराव्यात आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा इथे सोलापुरात आमच्या मांडणीवरची भांडी खाली आली आणि आम्ही अंगणात धावलो. किल्लारीजवळच्या गावात दिलेली माझी मावशी आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून दोन मुलांना घेऊन झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते घर तिघांवर कोसळले.

तेराव्याला मामा, जे मंगळवेढ्याकडे कीर्तने करीत, सर्वांदेखत म्हणाले, "मागच्या जन्मीचे भोग होते, फिटले." मी सोळा वर्षांचा होतो. मी विचारले, "मामा, मंगळवेढ्याचे कुसू बांधताना चोखोबा भिंतीखाली गेले, त्यांचे कोणते भोग?" आपला जन्म पूर्वकर्माचे फळ आहे, असे चोखोबांनीच अभंगात म्हटले आहे, असे मामांनी शांतपणे सांगितले, आणि माझे तोंड बंद झाले.

आज उत्तर देतो. माणसाने स्वतःविषयी तसे म्हणावे. चार वर्षांच्या मुलाच्या तेराव्याला बसून ते म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या कथेत विठ्ठल भिंत थोपवीत नाही आणि ती का पडली हेही सांगत नाही. नामदेव मात्र ढिगाऱ्यात उतरतात, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येते त्या चोखोबांच्या म्हणून ओळखतात आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधतात. जिवंतपणी त्या दारातून चोखोबांना आत घेतले नव्हते. ती बंदी माणसांची होती, हेही देवाला जाब विचारताना लक्षात ठेवावे. अर्थात भूकंप माणसांनी केला नव्हता, आणि तिथे माझा युक्तिवाद थांबतो.

आई पुढच्या संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेली. कारण तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मामांविषयी एक लिहायचे राहिले. मावशी त्यांची पाठची बहीण होती, आणि माती उपसून तिला त्यांनीच बाहेर काढले होते.