दोन जुन्या सायकली, दोन मुक्काम

प्रश्न : ताई, आम्ही दोघे भाऊ. मी बारावीला, थोरला आयटीआयला. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग–अक्कलकोट–सोलापूर अशी फेरी सायकलवर करायची आहे. जुन्या दोन सायकली विकत घेणं, त्यांची दुरुस्ती आणि खाणं-राहणं, सगळं पाच हजारांत बसवायचंय. घरचे म्हणतात, भंगारावर बसून कुठं निघालात? – दोन भाऊ, सोलापूर

उत्तर : जमेल, पण सायकली प्रत्येकी बाराशेच्या आत मिळाल्या तरच. त्याच्या वर गेलात की दुरुस्तीला हात आखडता घ्याल, आणि मग घरचेच खरे ठरतील.

साखर पेठेत आमच्या अप्पांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. गिरणीची पाळी सुटली की सायकली तासावर जायच्या. कुणी जुनी सायकल विकायला आणली तर अप्पा रंगाकडे बघायचेसुद्धा नाहीत. मागचं चाक उचलून गरकन फिरवायचे आणि कान लावायचे. खरखर आली की चाकाच्या आसावरचे कोन (छर्रे धरणाऱ्या वाट्या) आणि छर्रे गेलेले. ते स्वस्तात होतं. पण पुढचं चाक धरणारा चिमटा मागे दबलेला दिसला, किंवा हँडलखालच्या जोडाशी रंगाला बारीक चीर दिसली, तर फुकट दिली तरी घ्यायचे नाहीत. तुम्हीही घेऊ नका. आणखी एक करा. रस्त्यावर पाणी ओता, त्यातून सायकल सरळ न्या आणि मागे वळून बघा. दोन चाकांच्या दोन वेगळ्या ओल्या रेघा उमटल्या तर फ्रेम पिळलेली आहे.

गिअरची सायकल बघू नका, जुनी तर नकोच. साधी काळी घ्या, 28 इंची चाकांची. तिचा टायर, ट्यूब, कॉटर (पायडलचा दांडा आसाला पक्का धरणारी खीळ) कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद पडला म्हणून जुन्या अॅटलासला नाक मुरडू नका. तिला बहुतेक भाग इतर काळ्या सायकलींचेच चालतात.

पैसे घालायचे ते फिरणाऱ्या जागी. दोन्ही हब (चाकांचे मधले तुंबे) आणि बीबी (पायडलचा आस फिरतो ती जागा) उघडून रॉकेलनं धुवा, छर्रे सगळे नवे टाका, नवं ग्रीस भरा. मेकॅनिक याला 'ओव्हरऑईल' म्हणतो. आयटीआयवाल्यानं एकदा शेजारी बसून बघितलं तर दुसरी सायकल तो घरीच उघडेल. साखळी शाळेच्या फूटपट्टीनं मोजा : चांगल्या साखळीच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. सव्वाबारा-बिरा सोडा, नुसती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरली तरी साखळी बदला, आणि फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चकतीचे, दातही बघून घ्या. मागच्या चाकाला 40 तारा असतात, पुढच्याला 32. सगळ्या बोटानं छेडून बघा. एखादी 'टण' न करता 'थड' करते, ती ढिली.

आता कॉटर. मी एकोणीस वर्षांची असताना याच तुळजापूरच्या रस्त्यावर माझ्या डाव्या पायडलनं 'टक्... टक्' सुरू केलं. आदल्याच दिवशी नवा कॉटर बसवला होता, म्हणून मी निर्धास्त. घाटाच्या तोंडाशी पायडल असं लटपटायला लागलं की पाय घसरून नडगी सोलवटली. दगडानं कॉटर ठोकला, नट बोटांनी आवळला, तो पुन्हा सुटला. शेवटी वर देवीपर्यंत सायकल ढकलत नेली. घरी आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "पाना खिशात कुठं होता?" नवा कॉटर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरला जागा धरतो आणि नट सैल होतो. म्हणून निघायच्या चार दिवस आधी गावातल्या गावात तेवढं चालवा आणि मग परत आवळा.

घाटासाठी एक युक्ती. या सायकलींना पुढे 44 आणि मागे 18 दात असतात. पायडलच्या एका फेरीला सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाते. मागे 22 दातांचं फ्रीव्हील घातलं तर साडेचार मीटरच जाते, पण गुडघे वाचतात. साखळीला एक तुकडा जोडावा लागेल आणि पूर्ण चेनकव्हर असेल तर ते काढावं लागेल.

पहिला मुक्काम तुळजापूर, 45 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून नळदुर्ग. बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. संध्याकाळी अक्कलकोट. तिथं अन्नछत्रात प्रसाद मिळतो, जेवणाचा खर्च वाचला. तिसऱ्या दिवशी घर, रस्ता सपाट. वाटेत हॉटेलात शिरायची गरजच काय? कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, तीन दिवस काही होत नाही. भाकरी जुन्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये घाम धरून ती वातड होते.

अंधारात मात्र चालवू नका. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू होते आणि ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर लावा.

प्रश्न : पंक्चर काढलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी पंक्चर. दुकानदार ट्यूब बदला म्हणतो. – एक वाचक, बार्शी

उत्तर : ट्यूब राहू द्या, टायर बघा. बाभळीच्या काट्याचं टोक आत मोडून बसलेलं असतं, बोटाला लागत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. जिथं कापूस अडकेल, तिथं काटा. तो चिमट्यानं बाहेरच्या बाजूनं ओढा. आणि हवा हळूहळू जात असेल तर ठिगळाआधी व्हॉल्व्हची रबरी नळी बदलून बघा, ती उन्हानं चिरते.

प्रश्न : वय 58. मुलाची जुनी सायकल नीट करून घेतली, पण दहा किलोमीटरला गुडघे बोलतात. वय झालं म्हणून सोडून देऊ का? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : आधी सीट वर घ्या. टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ व्हायला हवा, मग पंजानं चालवताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. आपल्याकडे उतरायला सोपं म्हणून सगळे सीट खाली ठेवतात. एकदम नको, रोज बोटभर वाढवा. आठ दिवसांनीही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा, मला नाही.