निळी पडलेली कॉइल साफ होत नसते, ती फेकायची असते

तुम्ही विचारलंय की व्हेपमधली, म्हणजे ई-सिगरेटमधली, लिक्विड तापवून वाफ करणारी एसएस ३१६ एल ह्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची कॉइल काळी पडली की लाल होईस्तोवर जाळून साफ करायची का, आणि अशी एक कॉइल किती दिवस चालते. पहिल्याचं उत्तर नाही, अजिबात नाही. दुसऱ्याचं पुढे सांगतो. एरवी मी असल्या प्रश्नांवर लिहीत नाही, पण ह्याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या रूममेटचं जोरदार वाजलेलं आणि ते अजून माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही.

मी भोसरीला सहा वर्षं स्टेनलेसच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये टिग वेल्डिंग (आरगॉन वायूच्या आडोशाने करतात ते) केलंय. डेअरीच्या टाक्या, दुधाच्या पाइपलाइन, सगळा माल ३०४ नाहीतर ३१६ एल. नंतर इकडे इंग्लंडला आलो, कॉव्हेंट्रीत हेच काम करतो. सिगरेट सोडायची म्हणून व्हेपवर आलो आणि बाजारातल्या तयार कॉइल परवडेनात म्हणून स्वतः बनवायला लागलो, २६ गेजची तार, ३ मिमीवर ७ वेढे, रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आसपास येतो. माझं बघून रूममेटने पण सुरू केलं. तो सांगलीकडचा, मेकॅनिकल इंजिनिअर, हुशार पोरगा, त्याबद्दल वादच नाही.

त्याची पद्धत म्हणजे दर रविवारी कॉइलमधला लिक्विड शोषणारा कापूस काढायचा, मोड म्हणजे व्हेपचा बॅटरीवाला भाग ६० वॅटवर टाकायचा, कॉइल पार केशरी होईपर्यंत बटण दाबून धरायचं आणि तशीच नळाखाली. चर्र आवाज यायचा, काळी साल निघायची, कॉइल वरून स्वच्छ दिसायची. मी दोनतीनदा सांगितलं की अरे असं करू नको, स्टीलची वाट लागते. तर तो म्हणला, "स्टेनलेस आहे ते, त्याला काय होतंय, आणि एल म्हणजे लो कार्बन, उष्णता सहन करायलाच बनवलंय, मी मेटलर्जी शिकलोय, वेल्डिंग करणाऱ्याने मला मेटल शिकवू नये."

हे शेवटचं वाक्य लागलं मला. कारण स्टेनलेसवरचा रंग वाचणं हीच वेल्डरची निम्मी विद्या असते. हवेत तापलेलं स्टेनलेस ३०० डिग्रीच्या आसपास फिकट पिवळं पडतं, ४०० च्या पुढेमागे तपकिरी, मग जांभळं, ५५० ते ६०० ला गडद निळं. हा रंग म्हणजे वरवर बसलेला डाग नाही, तो ऑक्साइडचा थर आहे, आणि तो बनताना खालच्या पातळ थरातलं क्रोमियम खाल्लं जातं. ३१६ मध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं म्हणून तर ते गंजत नाही, तेच वरून कमी झालं की त्या जागेला स्टेनलेस म्हणण्यात अर्थ उरत नाही. भोसरीला एकदा टाकीच्या आतला एक जॉइंट निळा आला, आरगॉनचं पर्जिंग, म्हणजे वेल्डच्या मागची हवा आरगॉनने हाकलणं, नीट झालं नव्हतं, तर डेअरीच्या इन्स्पेक्टरने टॉर्च मारून बघितलं आणि आख्खी टाकी परत पाठवली. रात्रभर ग्राइंडिंग आणि पिकलिंग (ॲसिडने तो थर काढणं) करत बसलो होतो आम्ही तिघं. दूध नुसतं त्यावरून वाहणार होतं तरी चालत नव्हतं, आणि इथे तर आपण तापवून त्याची वाफ छातीत घेतोय.

आणि एल चं म्हणाल तर त्याचा संबंध वेगळ्याच गोष्टीशी आहे. कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत ठेवतात ते ह्यासाठी की वेल्डच्या बाजूला क्रोमियम कार्बाइड होऊन दाण्यांच्या कडेने गंज धरू नये. वरच्या ऑक्साइडला एल वाचवत नाही. हे मी त्याला तेव्हा सांगू शकलो नाही, रागात शब्दच सुचले नाहीत.

मग मी काय केलं, त्याची कॉइल आणि माझी तेवढ्याच दिवसांची कॉइल कापून पांढऱ्या बशीत खिडकीपाशी ठेवली. माझी मधोमध थोडी पिवळसर, बाकी चंदेरी. त्याची निळी-करडी, तारेच्या टोकांजवळ काळपट, आणि टिश्यूवर धरून नखाने ओढली तर करडी भुकटी पडली. तो म्हणला हा लिक्विडचा कार्बन आहे. ठीक आहे, म्हणून कोरी तार घेतली, लिक्विडचा एक थेंब न लावता त्याच्याच पद्धतीने वीसेक वेळा लाल करून पाण्यात बुडवली. तोच निळा रंग, तीच भुकटी. त्याने बघितलं, काही बोलला नाही, चहा टाकायला गेला.

साधा हिशोब सांगतो. व्हेपच्या लिक्विडमधलं पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल) १८८ डिग्रीला उकळतं, ग्लिसरीन २९० ला. कापूस ओला आहे तोवर कॉइल त्याच्या फार वर जाऊच शकत नाही, म्हणजे नीट वापरलेलं स्टील निळ्या रंगाच्या जवळपास पण जात नाही. आणि कुठलाही धातू अंधारात लाल दिसायला लागतो तोच मुळी ५२५ च्या आसपास. उजेडात केशरी दिसतोय म्हणजे कितीतरी पुढे गेलाय. तेव्हा कॉइल वापरून खराब होत नाही, साफ करून खराब होते. ग्रीसचे डॉक्टर फारसालिनोस तर व्हेपिंगच्या बाजूने बोलणारे, त्यांनी पण २०१५ मध्येच सांगितलेलं की कॉइल लाल करू नका.

मग साफ कशी करायची, तर जुना कापूस काढा, कॉइल गरम पाणी आणि भांड्याच्या लिक्विडने मऊ टूथब्रशने घासा, आतून दातांच्या फटीतला बारीक ब्रश फिरवा. काळं जास्त असेल तर कपभर गरम पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, तेच किटलीचा क्षार काढायचं, त्यात वीस मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवून वाळवा. स्टेनलेसला सायट्रिक चांगलंच असतं, इंडस्ट्रीत पॅसिव्हेशनला, म्हणजे स्टीलवरचा संरक्षक थर नीट बसवायला, पण वापरतात. पण निळेपणा त्याने जात नाही. तो पिकलिंग पेस्टने जातो आणि ती घरात आणू पण नका, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. वेढे सारखे तापतात का बघायचं असेल तर १० वॅटवर अगदी टिचकीभर बटण दाबा, लाली दिसायच्या आत सोडा.

किती दिवस चालते हे लिक्विडवर आहे. गोड लिक्विडमधलं सुक्रालोज (कृत्रिम साखर) जळून चिकटतं, त्यात आठवड्यात काळी होते, माझी बिनगोडाची महिनाभर आरामात जाते. पण खरं सांगू का, १० मीटरच्या रिळात शंभरेक कॉइल होतात. एवढ्या स्वस्त तारेसाठी लोक जाळपोळ का करतात मला कळत नाही.

टेंपरेचर कंट्रोलवर (मोड कॉइलच्या रेझिस्टन्सवरून तापमान ओळखतो ती सोय) वापरत असाल तर ओहम, म्हणजे तो रेझिस्टन्स, कॉइल पूर्ण थंड असतानाच मोडमध्ये लॉक करा, गरम असताना केला तर मोड तापमान चुकीचं समजतो आणि कापूस जळतो. कॉइल धरणारे स्क्रू पण दर वेळी बघा. हे सगळं हाताने गुंडाळलेल्या कॉइलचं, तयार बंद कॉइल धुवत बसू नका. काम करताना बॅटरी बाहेर काढा, निकोटिन हाताला लागू देऊ नका. टायटॅनियम किंवा निकेलची तार असेल तर लाल करायचा विचारसुद्धा नको. आणि तुम्ही भारतात असाल तर २०१९ च्या कायद्याने ह्या वस्तूंची विक्री, आयात, साठवणूक सगळ्यावर बंदी आहे, ते आधी बघा. सिगरेट ओढतच नसाल तर ह्यात पडूच नका.

त्या दोन कॉइल मी अजून एका डबीत ठेवल्यात, ती कोरी तार पण. फोटो पाहिजे असेल तर सांगा, उजेडात काढून टाकतो.