वॉर्डात वीस मिनिटं आणायची कुठून?

प्रश्न: जिल्हा रुग्णालयात मेडिकल वॉर्डला अधिपरिचारिका आहे. माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष ठेवण्याच्या सरावाच्या, एक दिवसाच्या प्रशिक्षणात ‘रोज २० मिनिटं डोळे मिटून बसा’ असं सांगितलं. नाइटला आम्ही दोघी आणि पन्नासच्या वर पेशंट. नातेवाईक ओरडून जातात, ते घरीही डोक्यात घुमतं. याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर: होतो, पण एका दिवसात नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला मूळ अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे, शिवाय घरी रोज सराव. तुम्हाला मिळाली ती तोंडओळख. दोघींवर पन्नास पेशंट हा प्रश्नही श्वासाने सुटणार नाही. जादा सिस्टरची मागणी मेट्रनकडे (परिचारिकांच्या प्रमुखांकडे) लेखीच जायला हवी.

ड्यूटीवर वेगळा वेळ शोधू नका. हँडरब (हात निर्जंतुक करायचा द्रव) नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतातच, तेवढे वापरा. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं; द्रवाचा गारवा जाणवू द्या. खांदे सैल, पाय जमिनीला टेकलेत याकडे लक्ष, आणि एक श्वास घेतल्यापेक्षा सावकाश सोडायचा. खोल श्वास भराभर घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मन पुढच्या इंजेक्शनकडे पळणारच. पळालं हे कळणं आणि परत आणणं, हाच सराव. औषध भरताना किंवा रक्त लावताना मात्र लक्ष फक्त लेबलवर.

नातेवाईक अंगावर आले की आधी मनात म्हणा, ‘मी चिडलेय, छाती धडधडतेय.’ भावनेला नाव दिलं की उलट उत्तर जिभेवरच थांबतं. मग आवाज खाली ठेवून: “बाबांना धाप लागली म्हणून तुम्ही घाबरलात. ऑक्सिजन लावलाय, डॉक्टरांना कळवलंय. दहा मिनिटांत मी येऊन सांगते.” नवीन काही नसलं तरी दहा मिनिटांनी जा; तिथे चुकलात तर पुढचं बोलणं कुणी ऐकत नाही. ‘शांत व्हा’ म्हणू नका, त्याने आवाज हमखास चढतो. हात उगारला, वाट अडवली, तर समजावत बसू नका. बाहेर पडा, सिक्युरिटी बोलवा. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने असा हल्ला दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे.

घरी सरावाला १० मिनिटं पुरे. नाइटनंतर करू नका, झोपा.

प्रश्न: एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असते. डोळे मिटले की दगावलेलं बाळ दिसतं.

उत्तर: मग डोळे मिटून सराव नकोच. उघड्या डोळ्यांनी चाला, पावलं मोजा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या. ड्यूटीत तसं झालं तर सोबतच्या सिस्टरला सांगून दोन मिनिटं बाहेर या. झोप उडाली असेल, दचकायला होत असेल, त्या बेडकडे जाणं टाळलं जात असेल आणि हे महिनाभर टिकलं, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्याआधीही बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.