बुटांच्या चिखलातून पसरणारी मर

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाचे 'क्वाँगन', म्हणजे खुरट्या झुडपांचे माळरान, आणि त्याला पोखरणारी मूळकूज.

प्रश्न (पर्थ): फिट्झजेराल्ड रिव्हर राष्ट्रीय उद्यानात पायवाटेच्या तोंडाशी बूट घासायला लावतात. बूट स्वच्छ दिसत असले तरी हे करायचे का?

उत्तर: हो, जाताना आणि परतताना दोन्ही वेळा. रोगकारक आहे फायटोप्थोरा सिनामोमी. 1922 मध्ये सुमात्रातील दालचिनीच्या झाडांवरून त्याचे प्रथम वर्णन झाले. ही खरी बुरशी नव्हे, पाणबुरशी. ओल्या मातीत तिचे पोहणारे बीजाणू मुळांकडे जातात, आणि कोरड्या दिवसांत जाड भिंतीचे बीजाणू मुळांच्या तुकड्यांत दडून राहतात. तळव्याच्या खाचेतला चिमूटभर चिखलही पुरतो.

आधी कोरडा ब्रश किंवा काडीने सगळी माती काढा, मगच मिथिलेटेड स्पिरिट फवारा. अनेक जण चिखलावरच स्पिरिट मारतात. ते वरचा थर भिजवते, आतले बीजाणू सुखरूप राहतात. स्पिरिट पेट घेते, तेव्हा आसपास सिगारेट नको. तंबूचे खुंटे, सायकलचे टायर, गाडीच्या चाकांमागचे मडगार्ड विसरू नका. पावसानंतर वाट सोडून चालू नका.

या उद्यानाचा बहुतांश भाग अजून रोगमुक्त आहे, म्हणून एवढी कडक शिस्त. तिथला गाजलेला संसर्ग 1971 मध्ये बुलडोझरने पाडलेल्या 'बेल ट्रॅक' रस्त्याभोवतीचा. तो रोखायला पुढे कुंपण घालावे लागले, जमिनीत प्लास्टिकचा पडदाही गाडावा लागला.

प्रश्न (पुणे): काही झुडपे मेली तरी जागा रिकामी राहत नाही, दुसरे काही उगवतेच. मग नुकसान नेमके कसले?

उत्तर: उगवते ते लव्हाळ्यासारखे, रोगाला दाद न देणारे. लांबून हिरवे दिसते, आणि फसगत तिथेच होते. या प्रदेशातील 40 टक्क्यांहून अधिक देशी वनस्पती या रोगाला बळी पडू शकतात. त्यात बँक्सियाचे कूळ आणि हीथचे कूळ आघाडीवर, म्हणजे नेमकी मधाळ फुलांची झुडपे. हनी पॉसम हा जेमतेम 10 ग्रॅमचा प्राणी फक्त मकरंद आणि परागांवर जगतो. त्याला बाराही महिने काही ना काही फुललेले लागते. एका हंगामातली दोन-तीन जातींची झुडपे गेली की तेवढे महिने उपासमार. मधपक्ष्यांचे तेच. परागण करणारे घटले की रोगातून वाचलेल्या झुडपांचे बीही कमी धरते.

याच प्रदेशातील स्टर्लिंग पर्वतरांगेत दुखणे दुहेरी आहे. तिथला बँक्सिया ब्राउनी आगीत मरतो आणि फक्त बियांपासून पुन्हा उगवतो. बी फांद्यांवरच्या बोंडांत साठलेले असते. झाड फुलायच्या आधीच रोगाने मेले, तर पुढच्या आगीनंतर उगवायला काहीच उरत नाही. म्हणून अशा जातींचे बी साठवून निरोगी जागी वेगळी लागवड करण्यात आली आहे.

बाकी हिशेबही आहे. पानांचा आडोसा गेला की माती उघडी पडते. जमिनीतले पाणी ओढणारी मुळे घटतात, त्यामुळे ओल वाढते, आणि ती पुन्हा याच रोगाला मानवते. मध आणि रानफुलांचे पर्यटन यांचे नुकसान सांगायला नकोच.

प्रश्न (पर्थ): आमच्या जागेतला बँक्सिया पिवळा पडतो आहे. हीच मर का?

उत्तर: एकटे झाड पाहून ठरवू नका. मधोमध जुने वाळलेले सांगाडे आणि कडेला ताजी मर अशी पसरती रेघ दिसली, आणि त्यात ग्रास ट्रीही (गवतासारख्या पानांचा झुबका असलेले झाड) मेलेले असतील, तर संशय बळकट. सालीखाली पांढरे बुरशीचे पंखे दिसले तर तो आर्मिलॅरिया, वेगळा रोग. नुकत्याच मेलेल्या झाडाची मुळे, बुंध्याची साल आणि भोवतालची ओलसर माती प्रयोगशाळेला द्या. नमुना सावलीत ठेवा, फ्रीजरमध्ये नको. प्रयोगशाळेत त्यावर पाणी घालून ल्युपिन या शेंगवर्गीय पिकाच्या रोपांची मुळे आमिष म्हणून सोडतात. कोरड्या मातीत रोग असूनही निकाल 'नाही' येऊ शकतो, तेव्हा एका अहवालावर निर्धास्त होऊ नका.

प्रश्न (नाशिक): द्राक्षावर डाउनीसाठी (केवडा रोगासाठी) आम्ही फॉस्फोरस ॲसिडचे पोटॅशियम सॉल्ट मारतो. तिथेही तेच वापरतात म्हणे?

उत्तर: तेच, फॉस्फाइट. मोठ्या झाडाच्या खोडाच्या घेरावर दर 20 सेंमीला भोक पाडून 20 मिली सिरिंजने 5 टक्के द्रावण देतात. झुडपांवर 0.5 टक्के द्रावण स्टिकरसह फवारतात, दुर्गम डोंगरांवर विमानातून. औषध रोगकारकाचा नायनाट करत नाही. ते मुख्यतः झाडाची प्रतिकारशक्ती जागी करते, म्हणून काही वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. अर्धमेले झाड द्रावण ओढतच नाही, आणि मात्रा वाढवली की पाने करपतात. आणखी एक धोका: तिथली माती स्फुरदाने अत्यंत गरीब आणि बँक्सिया त्याच सवयीचा. फॉस्फाइट मातीत हळूहळू फॉस्फेट बनते, त्यामुळे वारंवार फवारणीही नको. त्या झाडांना डीएपी तर बिलकूल नको.

प्रश्न (काटोल): संत्र्याच्या डिंक्याचे (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाचे) याच्याशी काही नाते?

उत्तर: आहे. डिंक्याही फायटोप्थोराच, जाती वेगळ्या. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करा, कलमाचा डोळा मातीत गाडू नका. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला लावा. रोगट बागेतून निघालेला कुदळ-फावडा धुतल्याशिवाय दुसऱ्या बागेत नेऊ नका.