लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात डेमो लावायचा तर

अरे, काउंटरवर लावलायस तो डेमो आधी बंद कर. कंपनीकडून आलेला धबधब्याचा नि पोपटांचा व्हिडिओ कुठल्याही बऱ्या स्क्रीनवर छानच दिसतो. त्यात कॉम्प्युटरचं कर्तृत्व काय?

डेमो कसा असावा ते अमिगा नावाचा कॉम्प्युटर बनवणाऱ्यांकडून शिक. १९८४ च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात त्यांनी पडद्यावर लाल-पांढऱ्या चौकटींचा एक चेंडू उड्या मारत ठेवला. बस्स. चेंडू गरगर फिरतोय असं वाटायचं ते नुसते रंग आळीपाळीने बदलून, आणि उड्या म्हणजे चित्राचा थर सरकवणं. प्रोसेसर जवळजवळ मोकळाच! पुढच्या वर्षी, २३ जुलैला, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलने अमिगावरच, लोकांसमोर, गायिका डेबी हॅरीचं चित्र रंगवलं. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे तर मलाही जमेल.

म्हणून तू गिऱ्हाइकाचाच फोन जोड. त्याच्या गणपतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ घे, नको तेवढा काप, खाली ढोल-ताशा चढव, आणि एक्स्पोर्ट चालू असतानाच दुसरी विंडो उघडून काम करून दाखव. बोलू नकोस, माऊस त्याच्याच हातात दे. स्पीकर मात्र बरे लाव, बाहेरच्या हॉर्नपुढे लॅपटॉपचा आवाज कोण ऐकतोय?

आणि हो, डेमोच्या मशीनमध्ये जे ग्राफिक्स कार्ड आणि जेवढी रॅम आहे, तीच कोटेशनमध्ये लिही. घरी नेल्यावर व्हिडिओ अडकायला लागला, तर काका सोमवारी येऊन दुकान डोक्यावर घेतील, आणि शेठ तुला पुढे करतील.