गडद होलोग्राफिक नेलपॉलिश घरी आल्यावर करडे का दिसते?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहते. थंडीची चाहूल लागली की साधे मरून नेलपॉलिश लावण्याची माझी सवय आहे. यंदा मात्र गडद वांगी रंगाचे होलोग्राफिक नेलपॉलिश आणले. दुकानातल्या दिव्यांखाली त्यात सगळे इंद्रधनुष्य दिसत होते, पण घरी लावल्यावर नखे करडी आणि निस्तेज दिसतात. बाटलीत काही दोष असेल का? दिवाळीपर्यंत हेच वापरण्याची इच्छा आहे. पन्नाशीच्या बाईला हा प्रकार शोभेल का, हेही सांगावे.
– एक वाचक

उत्तर : बाटलीत दोष असण्याची शक्यता कमी आहे, दोष द्यायचाच तर तो ढगाळ आभाळाला द्यावा. या नेलपॉलिशमध्ये ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात आणि त्यांच्यावर समांतर अशा असंख्य बारीक रेघा ठसवलेल्या असतात. या रेघांवरून परतताना प्रकाशातला प्रत्येक रंग वेगळ्या कोनातून बाहेर पडतो. सीडीच्या पाठीवरचे रंगही याच कारणाने दिसतात. मात्र त्यासाठी उजेड एकाच दिशेने यावा लागतो. दुकानातले छोटे, प्रखर दिवे तसा उजेड देतात. ढगांतून झिरपणारा उजेड चहूबाजूंनी येत असल्यामुळे सगळे रंग एकमेकांत मिसळून जातात आणि मागे उरतो तो धातूचा करडेपणा.

गडद छटांमध्ये हा करडेपणा अधिक जाणवतो, कारण मूळ रंगाची खोली आणि चकत्यांची चमक यांचे फारसे जमत नाही. रंगद्रव्य वाढवले तर चकत्या झाकल्या जातात आणि चकत्या वाढवल्या तर रंगावर चंदेरी साय धरल्यासारखे होते. यावर उपाय असा की बेस कोटनंतर त्याच रंगाच्या साध्या, चमक नसलेल्या नेलपॉलिशचा एक हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच होलोग्राफिकचे एक किंवा दोन पातळ हात द्यावेत. असे केल्याने सावलीत निदान खरा वांगी रंग दिसेल आणि ऊन पडले की इंद्रधनुष्य त्यावर उमटेल.

ब्रश नखाच्या मुळापासून टोकाकडे, शक्य तितक्या कमी वेळा फिरवावा. पातळ थरातले द्रावक उडून थर आक्रसतो, तेव्हा चकत्या आडव्या निजतात आणि इंद्रधनुष्याची सलग रेघ तयार होते. ब्रश पुन्हापुन्हा फिरवला की त्या विस्कटतात. टॉप कोटची घाई करू नये, कारण ओल्या रंगावर तो लावल्यास खालचा थर पुन्हा मऊ होऊन चमक मंदावते. नखांवर उभ्या रेघा असतील (वयाप्रमाणे त्या वाढतातच), तर त्या भरून काढणारा बेस कोट घ्यावा. साध्या मरूनखाली लपणारा खडबडीतपणा या प्रकारात स्पष्ट दिसतो.

रंगाची निवड अजून बदलता येणार असेल, तर वांगी, जांभूळ, डाळिंबी, मोरपंखी आणि बाटलीहिरवा या छटा मी सुचवेन, कारण गव्हाळ आणि सावळ्या हातांवर त्या उठून दिसतात. शरदासाठी हमखास सुचवले जाणारे विटकरी आणि मोहरी रंग मात्र ढगाळ दिवशी मळकट वाटतात, असे माझे मत आहे.

तुमच्या लीड्समध्ये ऑक्टोबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर असतो. पुण्यात तो त्याच सुमारास ५८ अंशांवर असतो. हे उतरते ऊन खिडकीतून थेट हातांवर येते, त्यामुळे ते पडेल तेव्हा या नेलपॉलिशला तुमच्या शहराइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेली की संध्याकाळ दिव्यांच्या उजेडातच जाते. तेव्हा छतावरच्या पसरट पॅनेलखाली काही दिसणार नाही. लहान बल्बच्या माळेजवळ मात्र प्रत्येक दिवा आपापले रंग उमटवेल. पणतीच्या ज्योतीत निळा प्रकाश फार कमी असल्याने तिच्याजवळ मुख्यतः तांबडा, केशरी आणि पिवळा भाग दिसतो. मला तोच सर्वांत देखणा वाटतो.

वयाचे म्हणाल, तर आखूड कापलेल्या नखांवर गडद होलोग्राफिक रंग कोणालाही शोभतो. फराळाच्या कामात तो टिकावा म्हणून नखाच्या टोकाच्या कडेलाही रंग लावावा आणि भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच रंगवायला बसू नये. पाण्याने फुगलेले नख सुकताना आक्रसते आणि रंगाचे टवके निघतात.

प्रश्न : ऑनलाइन खरेदीत साधी चमकी ‘होलोग्राफिक’ म्हणून विकली जाते. फरक कसा ओळखावा? मी नाशिकला राहते आणि येथे प्रत्यक्ष पाहायला फार छटा मिळत नाहीत.
– एक वाचक

उत्तर : ग्राहकांनी टाकलेली उन्हातली छायाचित्रे पाहावीत. खऱ्या होलोग्राफिकमध्ये तांबडा, हिरवा, जांभळा असे रंग क्रमाने वेगळे दिसतात. हात तिरपा केल्यावर संपूर्ण नखच हिरव्याचे जांभळे होत असेल, तर तो रंग बदलणारा वेगळा प्रकार आहे. इंद्रधनुष्य सलग रेघेऐवजी सुट्या ठिणग्यांसारखे विखुरलेले असेल, तर ते होलोग्राफिकच, पण जाड कणांचे. ते काढताना रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर काही मिनिटे ठेवावा लागतो, खरवडू नये. बाटली घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चने पाहावी आणि रंग वेगळे दिसले नाहीत, तर सील न उघडता परत करावी.